डबीवरचं नाक

टेबलावर एकाच माणसाची दोन नाकं पडली होती, आणि दोन्ही मंजूर झालेली होती.

थोरल्या काकांनी आणलेल्या प्रूफवर आप्पांचं नाक सरळ, लांब, पट्टीनं आखल्यासारखं होतं. धाकट्या काकांच्या प्रूफवर तेच नाक मधे जरासं उंचावून मग झोकात खाली उतरलं होतं. थोरल्यांनी शाईच्या पेनानं ‘मान्य’ लिहून तारखेसह सही केली होती. धाकट्यांनी जाड मार्करनं ‘मान्य!!’ लिहिलं होतं. रविवारी सकाळी दहा वाजता, कारखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत, दोघांनी आपापला कागद विजयी मुद्रेनं टेबलावर ठेवला, एकमेकांच्या कागदाकडे पाहिलं, आणि मग दोघांनीही सावकाश माना वळवून बारकीकडे पाहिलं.

बारकीनं आईकडे पाहिलं. आई खिडकीच्या पडद्याचं कापड तपासत होती.

ही अक्कल आईचीच. “दोघांना वेगवेगळं दाखव,” असं तिनं दहा दिवसांपूर्वी भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. “दोघं हो म्हणतील. मग तुला हवं ते छाप. एकदा डब्या दुकानात गेल्या की बूट पॉलिशच्या डबीवर नाक बघायला कोण बसलंय?” आईला या घरात तीस वर्षं झाली होती आणि तिचे असले अंदाज सहसा चुकत नसत. पण आपल्या सहीनं काम पक्कं झालं, हे धाकट्याला सगळ्यांसमोर ऐकवायची थोरल्यांना हौस येईल, आणि त्यासाठी ते अख्ख्या घराला रविवारचं बोलावतील, हे तिच्या हिशोबातून सुटलं होतं.

“बारके,” थोरले म्हणाले, “हे काय आहे?”

“प्रूफं आहेत, काका.”

“ते मला दिसतंय. दोन का आहेत?”

“पर्याय,” बारकी म्हणाली. कला महाविद्यालयात पाच वर्षं शिकून जे शब्द हाताशी आले होते, त्यांतला हा सगळ्यात उपयोगी होता.

“पर्याय? नाकाला पर्याय?”

आप्पा म्हणजे या तिघा भावांचे वडील आणि कारखान्याचे संस्थापक. पंचावन्न वर्षांपूर्वी गेले, तेव्हा थोरले नऊ वर्षांचे होते, बारकीचे बाबा सहा आणि धाकटे दोन. फोटो नावाला नव्हता. होती ती फक्त पॉलिशची गोल डबी, आणि तिच्या झाकणावरचा तो चेहरा: टोपी, भरघोस मिशी, जरा डावीकडे वळलेली मान. ऑफिसात लावलेलं मोठं तैलचित्रही डबीवरूनच काढून घेतलेलं. पण दर वेळी छपाई करताना आधीच्या छापील डबीवरूनच नवा ठसा व्हायचा, आणि दर वेळी चेहऱ्यातलं थोडं थोडं झिजून जायचं. आता मिशी आणि टोपी तेवढी ओळखू यायची, मधे नुसता डाग. मागच्या वर्षी एका दुकानदारानं ‘अस्वल छाप पॉलिश, बारा डझन’ अशी ऑर्डर पाठवली, तेव्हा घराला जाग आली.

घरात एक चित्रकार होतीच, आणि ती फुकट होती.

बारकी महाविद्यालयातून बाहेर पडून दोन वर्षं झाली होती. एका दातांच्या दवाखान्याचं बोधचिन्ह, एका लहान प्रकाशनाची तीन मुखपृष्ठं, एका लग्नाची पत्रिका, इतकी कामं तिच्या खात्यावर होती. खरा जीव होता तो लिनोच्या छापांवर. लिनोचा, म्हणजे जमिनीवर अंथरतात तसल्या जाड मेणचादरीचा, तुकडा उन्हात ठेवून मऊ करायचा, कोरणीनं नको ते काढून टाकायचं, उरलेल्यावर शाई फिरवायची, कागद दाबायचा. दोन प्रदर्शनांत तिचे छाप लागले होते. एक विकलाही गेला होता. तो मावशीच्या नावानं आईनंच घेतला होता, हे तिला पुढे चार महिन्यांनी कळलं. छपाई ती घराच्या न्हाणीघरात करायची. आंघोळीच्या वेळा सांभाळून. त्यामुळे थोरल्यांनी जेव्हा सांगितलं, “डबीचं काम सगळ्यांच्या पसंतीनं पार पाड, वरची उत्तरेकडची खोली तुला स्टुडिओला देतो,” तेव्हा तिला झोप लागली नव्हती. तीन मोठ्या खिडक्या. दिवसभर एकसारखा उजेड. कोपऱ्यात हातप्रेस मावेल एवढी जागा.

‘सगळ्यांच्या पसंतीनं’ हे दोन शब्द तिनं तेव्हा नीट ऐकायला हवे होते.

कारण पुढच्या महिन्यात कारखान्याचा चेअरमन ठरायचा होता, आणि नाक सरळ निघालं तर ते थोरल्यांचं होतं, मधे उंचावलं तर धाकट्यांचं. असं कुणी तोंडानं बोलत नसे. तोंडानं सगळे परंपरा, ब्रँड, ग्राहकांच्या भावना असंच म्हणत. पण थोरले बारकीशी बोलताना हल्ली सारखे खिडकीच्या बाजूला वळून उभे राहायचे, म्हणजे नाकाची कड उजेडात स्पष्ट दिसावी. आणि धाकट्यांनी तर तिला आपले अठरा फोटो मोबाईलवर पाठवले होते, सगळे एका बाजूनं काढलेले, खाली ‘फक्त संदर्भासाठी’.

“भाऊ, तू सांग,” धाकटे आता बारकीच्या बाबांकडे वळले. “तुझं मत काय?”

बाबा कारखान्यात मेण आणि रंगांचं मिश्रण बघायचे. तीस वर्षं त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं. गेल्या महिनाभरात मात्र दोन्ही भाऊ त्यांना आळीपाळीनं जेवायला बोलावत होते, कारण मतं तीन होती आणि त्यांतली दोन एकमेकांना मारून जात. बाबांचं स्वतःचं नाक बसकं होतं, त्यामुळे या स्पर्धेत ते नव्हतेच.

“दोन्ही छान आलीयेत,” बाबा म्हणाले.

“छान विचारलं नाही. खरं कुठलं?”

“मी सहा वर्षांचा होतो रे.”

“सहा वर्षांच्या मुलाला बापाचं नाक आठवत नाही?”

“तुला आठवतं?” बाबांनी शांतपणे विचारलं. “तू दोन वर्षांचा होतास.”

“मला आतून जाणवतं,” धाकटे म्हणाले.

थोरली काकू इतका वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिनं मोबाईल काढून टेबलावर सरकवला. “मी मधे पडत नाही,” ती म्हणाली, “पण आमच्या भाच्यानं हे मोबाईलवर पाच मिनिटांत केलंय. फुकट. नुसतं लिहिलं की मिशीवाला सज्जन माणूस, आणि आलं.” पडद्यावर एक गुलाबी गालांचा, चकचकीत दातांचा माणूस हसत होता. त्याच्या डाव्या हाताला सहा बोटं होती.

“हा कोण?” थोरल्यांनी विचारलं.

“आप्पा.”

“आप्पांना सहा बोटं होती?”

“ते खोडता येतं म्हणे.”

बारकीच्या डोळ्यांपुढे हातप्रेसची जागा हळूहळू मावळू लागली. ती म्हणाली, “काका, नाकाचं आपण नंतर बघू. तोवर अक्षरं आणि रंग तरी ठरवून घेऊ या का?”

हे म्हणणं चुकलंच. पुढची वीस मिनिटं अक्षरांवर गेली. थोरल्यांना अक्षरं भारदस्त हवी होती. धाकट्यांना तरुण. काकूला घरगुती. “आणि लाल जरा लालसर कर,” धाकटे म्हणाले. बारकीनं वहीत ‘लाल लालसर’ असं लिहून घेतलं. शिकताना एक मास्तर म्हणायचे, गिऱ्हाईक काय बोलतंय ते लिहून घ्या, म्हणजे तेवढा वेळ तुमचं तोंड बंद राहतं.

“हे सगळं ठीक,” शेवटी थोरले म्हणाले. “पण मूळ ठशावर जे असेल ते मला मान्य. जुना ठसा शोधायला तू त्या ब्लॉकवाल्याकडे जाणार होतीस ना? सापडला?”

“सापडला,” बारकी म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं की नाही म्हणायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी ती गेली होती. जुन्या छापखान्यांच्या गल्लीत, जिन्याखालची अरुंद खोली. आत छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर ठसे: साबणं, उदबत्त्या, काड्यापेट्या, सर्कशीतले वाघ. ब्लॉकवाले काका सत्तरीचे, चष्म्याला दोरी बांधलेली. ब्लॉक कोरून घ्यायला आता कुणी येत नसे. ते रबरी शिक्के करत आणि वेळ मिळाला की वडिलांचे जुने ठसे पुसून ठेवत. बारकी पॉलिशची डबी दाखवायला लागली तर त्यांनी ती हातातही घेतली नाही. उठले, तिसऱ्या फळीवरचा एक डबा काढला, फडक्यातून लाकडी ठसा काढून तिच्या हातावर ठेवला.

तिनं तो उजेडात धरला. मिशीचा एकेक केस वेगळा कोरलेला होता. टोपीच्या सावलीतल्या रेघा तर इतक्या बारीक, की तिनं बोट ठेवलं आणि घाईनं उचललं. नाक सुरेख होतं. ते थोरल्यांचं नव्हतं आणि धाकट्यांचंही नव्हतं.

“केवढं काम आहे हे,” ती म्हणाली. “आप्पा किती दिवस बसले असतील कोरणाऱ्यासमोर?”

“कोण आप्पा?”

“माझे आजोबा. हे.”

ब्लॉकवाल्या काकांनी ठशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग त्यांनी चष्मा काढला आणि ते इतके हसले की दोरी मिशीत अडकली. तेव्हा बारकीनं त्यांच्या मिशीकडे प्रथम नीट पाहिलं.

“अगं पोरी, हे माझे बाबा. तुझे आजोबा आले, म्हणाले, डबीवर एखादा भरवशाचा चेहरा काढा. बाबा म्हणाले, तुम्हीच बसा. तर ते इतके लाजले की दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मग बाबांनी आरसा ठेवला समोर आणि कोरला स्वतःलाच. तुझ्या आजोबांनी बघितला आणि म्हणाले, हा माझ्यापेक्षा बरा आहे, हाच चालवू.”

“आणि हे नाक?”

“ते कुणाचंच नाही. बाबांचं नाक बसकं होतं, सगळी गल्ली चेष्टा करायची. कोरताना त्यांनी ते सुधारून घेतलं. मिशी मात्र खरी.”

दोन दिवस हे सगळं पोटात आणि मागून आणलेला ठसा पिशवीत घेऊन बारकी फिरत होती. आईला सांगितलं तेव्हा आई पाच मिनिटं उशीत तोंड खुपसून हसली आणि मग डोळे पुसून म्हणाली, “खोलीची किल्ली हातात पडेपर्यंत एक अक्षर बोलू नकोस.”

तर आता ती म्हणाली, “सापडला, पण... जरा झिजलाय.”

“मग निकाल कसा लागणार?” थोरल्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांची नजर टेबलाच्या टोकाला गेली. “आत्याला विचारू. सख्खी बहीण आहे. तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?”

आत्याआजी, म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, टेबलाच्या टोकाला खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. वय सत्त्याऐंशी. तिला ऐकू कमी यायचं, पण कमी केव्हा यायचं हे तिचं ती ठरवायची. तिला अशा बैठकांना आणलं जायचं ते शोभेसाठी. मत विचारायची कल्पना आजवर कुणाला सुचली नव्हती.

धाकट्यांनी दोन्ही प्रूफं तिच्यासमोर धरली. “आत्या! ए आत्या! नीट बघ. नाक कुठलं खरं? हे, का हे?”

आत्याआजीनं डोळे उघडले. चष्मा सारखा केला. एक प्रूफ पाहिलं, दुसरं पाहिलं.

“मला काय माहीत? त्या ब्लॉकवाल्याला विचारा.”

सगळे हसले. काकू हळूच म्हणाली, “हल्ली फार विसरतात हो त्या.” थोरल्यांनी आत्याच्या खांद्यावर मायेनं थोपटलं आणि जरा जोरात, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, “आत्या, हे आप्पांचं चित्र आहे. आप्पांचं! तुझा भाऊ!”

“ओरडू नकोस,” आत्याआजी म्हणाली. “मला भाऊ माहीत आहे माझा.”

आणि पुन्हा सगळे हसले. बारकीला ते हसणं सहन झालं नाही. पुढे तिनं पुष्कळदा स्वतःला विचारलं की त्या क्षणी गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं, आणि दर वेळी तिला त्या उत्तरेच्या तीन खिडक्या दिसल्या. पण तेव्हा काही दिसलं नाही. अख्ख्या खोलीत एकटी शुद्धीवर असलेली बाई, आणि बाकीचे तिला खुळी ठरवून तिच्या खांद्यावर थोपटतायत, एवढंच दिसत होतं.

“आत्याआजी बरोबर बोलतेय,” बारकी म्हणाली. “हे आप्पा नाहीतच.”

आईनं पडदा सोडला.

बारकीनं पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून ठसा काढला, आणि शुक्रवारची सगळी हकीकत सांगितली. आरसा, लाजणं, बसकं नाक, सगळं.

“आत्या,” थोरले तिच्याकडे वळले. “तुला हे ठाऊक होतं?”

“हो.”

“मग आजवर बोलली का नाहीस?”

“विचारलंत कधी? आज विचारलंत, आज सांगितलं.” तिनं धाकट्यांकडे पाहिलं. “तुमची आई म्हणाली होती, नका सांगू. तो गेला तेव्हा तुम्ही एवढे एवढे. हा धाकटा सारखा विचारायचा, आप्पा कुठेत, आप्पा कुठेत. दाखवायला फोटो नाही. मग तिनं एकदा डबी पुढे केली, म्हणाली, हे बघ आप्पा. पोर गप्प झालं. मग तेच कायमचं झालं.”

धाकट्यांनी आपलं ‘मान्य!!’ लिहिलेलं प्रूफ उलटं करून ठेवलं. बारकीनं त्यांना माघार घेताना कधी पाहिलं नव्हतं.

पण हा कारखानदारांचा परिवार होता. शोक फार वेळ टिकला नाही. थोरले उठले, त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि ते म्हणाले, “हे बाहेर जाता कामा नये.”

“अजिबात नाही,” धाकटे म्हणाले.

गेल्या वीस वर्षांत दोघा भावांचं एका वाक्यावर एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. दोघंही क्षणभर दचकले. मग त्यांना ते आवडायला लागलं.

“उद्या तो ब्लॉकवाला म्हणेल, चेहरा आमचा.”

“परवा म्हणेल, कारखाना आमचा.”

“दादा, त्याच्याशी बोलून घे तू.”

“दोघं जाऊ.”

“दोघंच जाऊ,” धाकटे म्हणाले, आणि खुर्ची थोरल्यांच्या शेजारी ओढून घेतली. बारकीच्या बाबांचं जेवणाचं आमंत्रण त्या क्षणी संपलं हे आईनं ओळखलं; तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

मग धाकट्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. विक्री त्यांच्याकडे होती. ते सावकाश उभे राहिले. “थांबा. थांबा, थांबा. लपवायचं कशाला? गोष्ट आहे ही! एक साधा कारागीर, एक आरसा, एक लाजाळू उद्योजक... ‘साठ वर्षांची चमक, एका अनामिक चेहऱ्याची.’ लोक रडतील, दादा.”

“ते अनामिक नाहीत,” बारकी म्हणाली. “त्यांच्या मुलाला आपण नाव विचारू शकतो. ठशाच्या कडेला सहीसुद्धा आहे त्यांची. झाकणाच्या कडेवर ते नाव घालू या.”

“डबीवर नाव?” थोरले म्हणाले. “आमची नावं नाहीत डबीवर!”

“अनामिक जास्त चालतं,” धाकट्यांनी समजावलं. “नाव आलं की लोकांना प्रश्न पडतात.”

सव्वाअकराला जे पोटात घेऊन मरायचं होतं, ते पाऊण वाजता जाहिरात झालं होतं. उत्तरेच्या खोलीत ‘वारसा दालन’ करायचं ठरलं: जुन्या डब्या, तैलचित्र, काचेच्या पेटीत आरसा. “कुठला आरसा?” बाबांनी विचारलं. “कुठलाही जुना आणू,” धाकटे म्हणाले. दालनाच्या पाट्या बारकी करेल हेही ठरलं.

“आणि नाक?” बारकीनं विचारलं.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

“नाक काय,” थोरले म्हणाले, “कसंही कर आता.”

बारकीनं वहीत ‘नाक कसंही’ असं लिहिलं. खोली गेली होती. राग यायला हवा होता, पण काहीतरी दुसरंच तिच्या मनात घोळत होतं. ती उठून टेबलाच्या टोकाला गेली, आत्याआजीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “आत्याआजी, मग ते दिसायचे कसे गं?”

आत्याआजीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू या प्रश्नाची ती फार वर्षं वाट बघत होती.

“मिशी नव्हतीच त्याला. यायचीच नाही. चार केस यायचे, तेही तो लाजून काढून टाकायचा.”

बारकीनं वहीचं पान उलटलं. ‘लाल लालसर’च्या मागचं कोरं पान. “चेहरा गोल का लांब?”

“लांब. खाली निमुळता. आणि हसताना हात असा तोंडावर धरायचा. पुढच्या दातांत फट होती ना. पण डोळे हसायचे, ते कसे लपवणार? नाही, नाही, भुवया इतक्या जाड नको. हं. कपाळ अजून वर ने.”

पेन्सिल चालू लागली. सकाळपासून बारकीनं शंभर सूचना ऐकल्या होत्या. या सूचनांनी मात्र तिचा हात हलका होत गेला, कारण सांगणारीला खरंच काहीतरी दिसत होतं. “मान बारीक.” “कान मोठे, बाहेर आलेले. आई म्हणायची, वाऱ्यानं उडून जाशील.” “केस मागं, चप्प.” बाबा उठून मागं येऊन उभे राहिले. मग आई. काकूनं मोबाईल पर्समध्ये टाकला.

अर्ध्या तासानं आत्याआजीनं वही डोळ्यांजवळ धरली. बोटानं कागदावरच्या कपाळाला शिवली. बोटाला पेन्सिलचा काळा लागला.

“हा,” ती म्हणाली. “हाच.”

कागदावर एक तिशीतला, हडकुळा, मोठ्या कानांचा माणूस तोंडावर हात धरून हसू लपवत होता. कुणासारखाच दिसत नव्हता तो. निदान नाकानं तरी नाही.

धाकट्यांनी मान तिरकी करून चित्र पाहिलं. मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं. “चांगलं आलंय,” ते म्हणाले. “पण हा चेहरा बाजारात चालणार नाही.”

“नाही चालणार,” थोरले म्हणाले.

हेही एकमतानं.

जेवायची वेळ झाली होती. आईनं आत्याआजीला धरून जिना उतरवायला घेतलं. जाता जाता तिनं बारकीकडे पाहून ओठ दाबले, म्हणजे घरी गेल्यावर ती ऐकवणार होती. धाकटे फोनवर कुणालातरी ‘अनामिक चेहरा’ ही कल्पना सांगत खाली गेले. बाबा वहीकडे एकदा वळून पाहून गेले. बारकीनं ठसा फडक्यात गुंडाळला. सोमवारी तो परत करायचा होता. ब्लॉकवाल्या काकांकडे जिन्याखाली एक जुना हातप्रेस धूळ खात पडला होता, आणि तिला वाटत होतं, विचारून बघावं.

“बारके.”

थोरले खोलीतच होते. दारापाशी. ते परत येऊन खुर्चीवर बसले. तिला वाटलं, आता खोलीबद्दल बोलतील, म्हणतील, बघू. या घरात ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होता.

“ते दे जरा इकडे,” ते म्हणाले.

तिनं वही दिली. त्यांनी चष्मा लावला. वही खिडकीच्या उजेडात धरली.

“मला आठवतं असं मी सगळ्यांना सांगत आलो,” ते म्हणाले. “मोठा होतो ना मी. नऊ वर्षांचा. मला आठवायलाच हवं होतं. पण ते गेले आणि वर्षा-दोन वर्षांत चेहरा गेला गं पुसून. मग डबी बघायचो. बघून बघून तोच बसला. स्वप्नात यायचे तेसुद्धा मिशी लावून.”

बारकीनं हातातला ठसा टेबलावर ठेवला.

“ते मला खांद्यावर बसवून बाजारात न्यायचे. तेवढं एक आठवतं. पडू नये म्हणून मी काहीतरी घट्ट धरलेलं असायचं. दोन्ही हातांनी. काय धरायचो ते काही केल्या आठवत नव्हतं.” त्यांनी वही पुढे केली आणि चित्रातल्या कानावर बोट ठेवलं. “हे कान अजून मोठे कर. माझ्या मुठीत मावायचे नाहीत.”

बारकीनं पेन्सिल उचलली, आणि कान मोठे केले.